कोळशाचे पेट्रोल आणि आपले इथेनॉल



कोळशाचा वायू करण्याच्या प्रकल्पांना केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये साडेआठ हजार कोटी रुपयांचे प्रोत्साहन मंजूर केले. तेव्हापासून गटागटांतल्या ऊस बैठकांत एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, उद्या कोळशाचं पेट्रोल निघालं तर आपलं इथेनॉल घेणार कोण?" प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या उसाच्या बिलातून कपात होऊन डिस्टिलरी उभी राहते त्यांनी तो विचारायलाच हवा. त्याचे उत्तर बैठकीच्या पाच मिनिटांत देता येत नाही, म्हणून या पानावर जरा ऐसपैस देत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, कोळशाचे पेट्रोल उद्या निघायचे नाही, ते निघून शंभर वर्षे होत आली. जर्मनीतल्या लॉयना या गावी 1927 साली त्याचा मोठा कारखाना सुरू झाला. मग जगभर कोळशाच्या खाणी असताना तुमच्या-आमच्या मोटारसायकलीत ते पेट्रोल का आले नाही? याचे कारण समजले, की आपल्या इथेनॉलचे गाडे कुठे अडते तेही समजते.

कोळसा आणि पेट्रोल दोन्ही मुळात कार्बन आणि हायड्रोजनचेच. फरक प्रमाणाचा. शंभर किलो कोळशात हायड्रोजन पाच किलोच्या आसपास असतो, शंभर किलो पेट्रोलमध्ये चौदा किलोच्या आसपास. म्हणजे कोळशाला पातळ करायचे तर त्याच्यात हायड्रोजन घालायला पाहिजे. हे काम फ्रीडरिश बेर्गिउस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने करून दाखवले आणि 1913 साली त्याचे पेटंट घेतले. कोळशाची बारीक भुकटी करायची, त्याच प्रक्रियेतून निघालेल्या जड तेलात ती कालवून पिठल्यासारखा लगदा करायचा, आणि तो पंपाने जाड पोलादी नळकांड्यात ढकलून वरून हायड्रोजन सोडायचा. आत उष्णता साडेचारशे अंशांच्या घरात. पुढे त्यात लोहयुक्त भुकटीसारखे उत्प्रेरक घालू लागले. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता क्रिया घडवून आणणारा पदार्थ. काहीजण त्याला विरजण म्हणतात, पण ती उपमा बरोबर नाही. विरजण वाढते, हा वाढत नाही, उलट हळूहळू मरगळतो आणि बदलावा लागतो. या पहिल्या पायरीवर निघते ते दाट तेल. त्याची वाफ करून, पुन्हा हायड्रोजनसह, टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमच्या गंधकी संयुगांवरून ते नेले की पेट्रोल हाती येते.

आता दाब बघा. आपल्या जुन्या बॉयलरचा दाब चौरस सेंटिमीटरला 21 किलो असायचा. सहवीजनिर्मितीचे नवे बॉयलर आले तेव्हा 67, 87, कुठे 110 किलोची भाषा सुरू झाली आणि आपल्या जुन्या फायरमन मंडळींनी कानाला हात लावले. लॉयनाला लिग्नाइट कोळशासाठी हा दाब 200 किलोच्या वर होता आणि पुढे दगडी कोळशासाठी जे कारखाने उभे राहिले त्यांत 700 पर्यंत गेला. एवढ्या दाबाखाली आणि उष्णतेत हायड्रोजन साध्या पोलादालाही सोडत नाही, आत शिरून ते ठिसूळ करतो. त्यामुळे नळकांडे खास, पंप खास, झडपा खास. म्हणजे भांडवल आले.

इथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. हे दाबाचे शास्त्र जर्मनांनी आधी कशासाठी कमावले? खतासाठी. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन दाबाखाली एकत्र करून अमोनिया करायचा, आणि त्या अमोनियापासून आज आपला युरिया होतो. लॉयनाचा कारखाना पहिल्या महायुद्धात 1917 साली सुरू झाला तो अमोनियाचाच. तिथल्या नळकांड्यांचा आणि कारागिरांचा अनुभव पुढे पेट्रोलच्या कामी आला. 1931 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक उच्च दाबाच्या या कामासाठी कार्ल बॉश आणि बेर्गिउस यांना मिळून दिले गेले. तेव्हा लागणीला तुम्ही जो युरिया टाकता तो आणि कोळशाचे पेट्रोल ही एकाच घरातली भावंडे. थोरल्याने जगभर संसार थाटला, धाकट्याचे मात्र कुठेच बस्तान बसेना.

का बसेना? तर घोडे अडते हायड्रोजनपाशी. हायड्रोजन काही विहिरीतून उपसून मिळत नाही. तो काढायचा तर तापलेल्या कोळशावर वाफ सोडून वायू करायचा आणि त्यातून हायड्रोजन वेगळा काढायचा. म्हणजे तिथे आणखी कोळसा लागला. पंप चालवायला वीज, तापवायला इंधन, तिथेही कोळसाच. सगळा हिशेब मांडला तर एक टन पेट्रोलमागे साधारण तीन-चार टन कोळसा खर्ची पडतो. कोळसा निम्म्याहून जास्त स्वतःलाच खातो म्हणा ना. उसाचे तसे नाही. आपल्या कारखान्याची भट्टी पेटते ती गाडीतून उसाबरोबरच आलेल्या बगॅसवर. टन उसामागे पावणेतीनशे-तीनशे किलो ओला बगॅस निघतो, आणि वाफ, वीज भागवून वर वीज विकताही येते. इंधन करायला इंधन विकत आणावे लागत नाही, ही आपली जमेची बाजू. तिची जाणीव आपल्याच लोकांना कमी आहे असे आमचे मत आहे.

पण खरी कथा पैशाची आहे. 1925-26 च्या सुमारास जाणत्या लोकांनाही वाटत होते की जगातले खनिज तेल लवकरच आटणार. त्या भीतीवर जर्मनीतल्या आय. जी. फार्बेन या अवाढव्य रसायन कंपनीने लॉयनाच्या पेट्रोलमध्ये पैसा ओतला. झाले भलतेच. 1930 साली अमेरिकेत पूर्व टेक्सासमध्ये तेलाचा प्रचंड साठा सापडला, त्यात जागतिक मंदी, आणि तेलाचे भाव गडगडले. बाहेरून येणारे पेट्रोल स्वस्त आणि लॉयनाचे कित्येक पट महाग. व्यवहार आतबट्ट्याचा ठरला. कंपनीतच दोन तट पडले, एक म्हणे बंद करा, दुसरा म्हणे इतके घातले ते बुडवायचे कसे? साखरेचा भाव पडलेल्या वर्षी आपल्याकडे जी चर्चा होते तिच्याशी हे ताडून पाहावे.

शेवटी तोडगा निघाला तो सरकारी हमीचा. 14 डिसेंबर 1933 रोजी जर्मन सरकार आणि आय. जी. फार्बेन यांच्यात करार झाला. कंपनीने लॉयनाचे उत्पादन 1935 अखेर वर्षाला साडेतीन लाख टनांवर न्यायचे, सरकारने दहा वर्षे उत्पादन खर्च भरून निघेल आणि गुंतवणुकीवर पाच टक्के सुटतील एवढा दर द्यायचा, त्याहून जास्त मिळाले तर ते सरकारजमा. नुसता कारखानदारीचा कागद म्हणून हा करार वाचला तर त्यात एक शहाणपण दिसते, ते मुदतीचे. भांडवल एका वर्षात फिटत नाही, तेव्हा दरही एका वर्षापुरता असून भागत नाही.

मात्र हा दर देणारे सरकार कोणते होते हे विसरून चालणार नाही. हिटलर त्याच वर्षी सत्तेवर आला होता आणि त्याला पेट्रोल हवे होते ते युद्धासाठी. पुढे कोळशापासून पेट्रोल करणारे असे बारा कारखाने झाले आणि जर्मन विमानांचे जवळजवळ सगळे इंधन त्यांतून येऊ लागले. मजूर कमी पडले तेव्हा जिंकलेल्या मुलखांतली माणसे वेठीला धरून आणली. आउशविट्झच्या छळछावणीलगत याच कंपनीने कृत्रिम रबर आणि इंधनाचा कारखाना बांधायला घेतला, त्याच्या बांधकामावर हजारो कैदी राबून मेले. त्याबद्दल युद्धानंतर कंपनीच्या अधिकाऱ्यांवर न्यूरेंबर्गला खटला चालला. 12 मे 1944 रोजी अमेरिकी विमानांनी लॉयना आणि आसपासच्या इंधन कारखान्यांवर बॉम्ब टाकले. लॉयनावर एकट्यावर वीसहून अधिक हल्ले झाले. एप्रिल 1944 मध्ये महिन्याला दीड लाख टनांहून अधिक निघणारे विमानाचे पेट्रोल सप्टेंबरमध्ये काही हजार टनांवर आले. ज्या गरजेपोटी दर मिळाला, त्याच गरजेपोटी कारखाने नष्टही झाले.

इंग्लंडने 1935 साली बिलिंगहॅमला असाच कारखाना सुरू केला. खाणकामगारांना काम मिळावे हाही हेतू होता. तिथे पार्लमेंटने 1934 साली कायदाच करून देशी पेट्रोलला काही वर्षे करात सवलत बांधून दिली होती. पण दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तिथे कोळसा घालणे थांबले, पुढे डांबराच्या तेलावर कारखाना चालला आणि 1958 मध्ये तेही थांबले. अमेरिकेने मिसुरी राज्यात 1949 साली सरकारी प्रात्यक्षिक कारखाना काढला. सरकारी खात्याने काढलेला खर्च आणि तेल कंपन्यांच्या मंडळाने काढलेला खर्च यांत जवळजवळ चौपट फरक पडला, वाद माजला, आणि 1953 मध्ये सरकार बदलताच कारखान्याला कुलूप लागले. अरबस्तानातले स्वस्त तेल येऊ लागले होते, मग कोळशाचे कोणाला हवे?

आज हा थेट हायड्रोजनचा मार्ग मोठ्या प्रमाणावर चालतो तो चीनमध्ये. अंतर्गत मंगोलियातल्या ओर्दोस इथे शेनहुआ या सरकारी कंपनीने 2008 च्या अखेरीस वर्षाला दहा लाख टनांचा कारखाना सुरू केला. तिथला कोळसा चांगला आणि मालक सरकार, म्हणून तो टिकला. पण मुलूख कोरडा. कारखान्याने जमिनीतले पाणी उपसल्याने आसपासच्या विहिरी आणि कुरणे सुकल्याची ओरड 2013 मध्ये झाली. पाण्यावरून बोल ऐकणे काय असते ते आपल्याला नवे नाही. उसाला पाण्याचा हिशेब विचारणाऱ्यांनी कोळशालाही तो विचारावा एवढेच आमचे म्हणणे. दक्षिण आफ्रिकेतही कोळशाचे तेल निघते, पण तो मार्ग वेगळा आहे. तिथे आधी कोळशाचा पूर्ण वायू करतात आणि मग वायूचे तेल. आपल्या सरकारने जे प्रोत्साहन दिले आहे तेही वायू करण्यासाठीच आहे, त्यातून मुख्यतः युरिया, मिथेनॉल असल्या वस्तू व्हायच्या आहेत.

थेट कोळशाचे पेट्रोल आपल्याकडे अवघड, याला आणखी एक साधे कारण आहे, ते म्हणजे राख. आपल्या बहुतेक खाणींच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. मातीने भरलेला ऊस गव्हाणीत टाकला तर मिलचे काय होते ते सभासदांना माहीत आहे. तीच गत सातशे किलो दाबाच्या पंपाची आणि झडपांची. तेव्हा "कोळशाचं पेट्रोल आलं आणि इथेनॉल बुडालं" ही भीती सभासदांनी मनातून काढून टाकावी.

भीती बाळगायचीच तर दुसरी बाळगावी. लॉयना, बिलिंगहॅम, मिसुरी या तिन्ही ठिकाणी रसायनशास्त्र चुकले नव्हते. नळकांडी फुटली म्हणून कोणी कारखाना बंद केला नाही. जोवर सरकारला ते इंधन हवे होते तोवर दर मिळाला, सरकारचे मन फिरले की दर गेला. आणि आपले इथेनॉल नेमके त्याच खुंटीला बांधलेले आहे.

7 डिसेंबर 2023 आठवा. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी धास्ती सरकारला वाटली, आणि त्या इथेनॉल वर्षात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. आठवडाभराने ती थोडी सैल करून देशभर मिळून सतरा लाख टन साखरेची मर्यादा घातली. पुढे ऑगस्ट 2024 मध्ये पुढच्या हंगामासाठी बंदी उठली. लोकांना साखर पुरावी ही सरकारची जबाबदारी आम्ही नाकारत नाही. पण ज्या कारखान्यांनी रसावर चालणाऱ्या डिस्टिलरीसाठी कर्ज काढले, त्यांच्या बँकेने काही त्या काळापुरते व्याज थांबवले नाही.

दुसरा हिशेब दराचा. 2022-23 मध्ये उसाच्या रसाच्या इथेनॉलचा दर लिटरला 65 रुपये 61 पैसे होता. 2024-25 मध्येही तो तेवढाच. याच काळात उसाची एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे 3050 रुपयांवरून 3400 वर गेली. ती वाढायलाच हवी होती, त्याबद्दल दुमत नाही. पण टन उसाच्या रसापासून साधारण सत्तर लिटर इथेनॉल निघते. साडेतीनशे रुपयांना सत्तरने भागले की लिटरला पाच रुपये येतात. म्हणजे नुसत्या उसापायी लिटरमागे पाच रुपये खर्च वाढला आणि दर जागच्या जागी. हे पाच रुपये शेवटी कोणाच्या खिशातून जातात हे वेगळे सांगायला नको. उसाचा शेवटचा हप्ता लांबला की समजावे. दरम्यान 2025 मध्ये पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट गाठले गेले आणि त्यात धान्याचा, विशेषतः मक्याचा, वाटा उसाहून मोठा झाला. सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मक्यावरही चालाव्यात म्हणून मार्च 2025 मध्ये व्याजसवलतीची योजना आली आहे. ती चांगली आहे, पण दराचा प्रश्न तिने सुटत नाही.

आमचे मत स्पष्ट सांगतो. ते आमचे आहे, संचालक मंडळाचे नव्हे. देशी इंधन उघड्या बाजारात स्वतःच्या पायावर उभे राहिल्याचे उदाहरण कोळशाच्या शंभर वर्षांत नाही. तेव्हा हमीदर मागण्यात लाज नाही, ती भीकही नव्हे. पण हमी मागायची तर कर्जाच्या मुदतीइतकी मागावी. इथेनॉलचा दर एफआरपीशी सूत्राने जोडावा, जेणेकरून ऊस वाढला की तोही आपोआप हलेल. आणि साखरेच्या टंचाईपायी सरकारला रसाचे इथेनॉल थांबवावेसे वाटले, तर खुशाल थांबवावे, पण तेवढ्या काळाचे कर्जावरचे व्याज सरकारने उचलावे. जर्मनांचा "खर्च येईल तो भरून देऊ" हा प्रकार मात्र आपण मागू नये. त्यात गलथान कारखानाही सुखाने जगतो, आणि आपल्याकडे गलथानपणाला आधीच काही तोटा नाही.

असे काही कागदावर येईपर्यंत डिस्टिलरीची वाढ आपल्या मळीला पेलेल एवढीच असावी. रसाच्या जोरावर दुप्पट क्षमता करण्याची आणि त्यासाठी टनामागे नवी ठेव कपात करण्याची जी कुजबुज चालू आहे, तिला आमचा विरोध आहे. काही सभासद म्हणतील, शेजारचे पुढे जातात आणि आपण मागे. जाऊ द्यावे. मळी काही कोणी बंद करणार नाही, साखर आहे तोवर मळी आहेच.

जाता जाता बेर्गिउसचे पुढे काय झाले ते सांगतो, साखरवाल्यांना ते ऐकायला आवडेल. या गृहस्थाने कोळशाचे पेटंट कंपनीला विकले आणि उरलेली बरीच वर्षे लाकडापासून साखर करण्यात घालवली. लाकडाचा भुसा तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून त्याची साखर करायची, जनावरांना घालायची किंवा आंबवून अल्कोहोल करायचे. पैसा त्यात फार गेला, हाती विशेष लागले नाही, आणि युद्धानंतर देश सोडलेला हा माणूस 1949 साली अर्जेंटिनात वारला. आज हरयाणात पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा कारखाना 2022 पासून उभा आहे, त्याची कल्पना याच जातीची. बगॅसपासून इथेनॉल काढा असे सांगणारे सल्लागार आपल्याकडेही फेऱ्या मारू लागले आहेत. त्यांना चहा पाजावा आणि दराचा कागद कुठे आहे ते विचारावे.

या वर्षीच्या वार्षिक सभेच्या अहवालात डिस्टिलरीच्या कर्जाचे वर्षवार हप्ते आणि त्या त्या वर्षी हाती असलेला इथेनॉलचा लेखी दर, असा दोन रकान्यांचा तक्ता छापावा अशी विनंती आम्ही कार्यालयाकडे दिली आहे. दुसरा रकाना बहुतेक वर्षांसमोर कोराच राहील. तो कोरा तसाच छापावा.